भट्टीत गेलेली भाषणं

मंगळवार, ३ फेब्रुवारी

“दिवसभर कंबर मोडून दुसऱ्यांचा कचरा निवडणाऱ्या माझ्या बायांनो, आपलं सगळ्यांचं दुखणं एकच आहे. बाटली विकली जाते, डबा विकला जातो, पुठ्ठा विकला जातो. पण तितक्याच कष्टानं निवडलेली पातळ पिशवी आणि चुरचुरीत वेष्टन कोणी फुकटसुद्धा उचलत नाही. ते आपल्या पाठीमागे साचतं, आणि मग सगळं शहर नाक दाबून आपल्यालाच विचारतं, हा ढीग कोणाचा?”

एवढं आज सकाळी ओट्याजवळ उभी राहून म्हणून पाहिलं. ‘नाक दाबून’पाशी क्षणभर थांबायचं. तिथे सभा चिडीचूप होईल. घरात मात्र ह्यांनी विचारलं, “मीठ कुठं ठेवलंस?”

नवी वही काढली, कारण प्रसंगच तसा आहे. नगरपालिकेचं पत्र आलंय. शेडमागचा पिशव्यांचा ढीग दहा मार्चपर्यंत हलवा, नाहीतर शेडला कुलूप. शेड आमच्या एकतीस जणींची. ढीग दोन वर्षांचा, छपराच्या पत्र्याला टेकलेला. त्यावर उपाय म्हणून एक इंजिनियर मागच्या अंगणात चाचणीची भट्टी बसवू म्हणतो. पिशव्या जाळायच्या नाहीत म्हणे. हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात तापवायच्या, की त्यांचं तेल होतं, आणि तेलाचं पुन्हा प्लास्टिक. तीन चाचण्यांपैकी शेवटची जरी स्वच्छ उतरली तरी भट्टी कायमची इथं राहील आणि हळूहळू ढीग खाऊन टाकील.

गुरुवारी सभासदांची सभा आहे. मी विरोधात बोलणार. जाळण्याला नवं नाव दिलं म्हणून धूर गोरा होत नाही. मी या संस्थेची सचिव. बाया मला पाठीमागे ‘भाषणताई’ म्हणतात. आदरानंच म्हणत असणार.

आणि मी काही ऐकीव गोष्टींवर बोलत नाही. माझं वाचन रद्दीतलं असलं तरी अफाट आहे. अकरा वर्षांत रद्दीच्या टेबलावरून इतकी पुस्तकं घरी नेली की एखाद्या प्राध्यापकाला घाम फुटावा. बरीचशी बिनपुठ्ठ्याची आणि बिनशेवटाची. त्यामुळे खून कोणी केला हे मला क्वचितच कळतं, पण का झाला हे चोख सांगता येतं. रसायनशास्त्राचं एक जाडजूड पुस्तकही आहे. ते पान दोनशे बारापर्यंतच उरलंय. पुढच्या प्रकरणाचं नुसतं नाव शिल्लक आहे, ‘क्लोरीन आणि त्याची भावंडं’. फाटून गेलं ते फार महत्त्वाचं नसावं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

चाळीस मिनिटं बोलले. धुराबद्दल बोलले, नफ्याबद्दल बोलले, माणसाच्या विसरभोळ्या हावेबद्दल तर असं बोलले की माझ्याच अंगावर काटा आला. नंतर मतदान झालं. सव्वीस हात भट्टीच्या बाजूनं, चार विरोधात, आणि एक बाई झोपलेली. माझ्या भाषणाचा परिणाम फार खोल गेला असावा. वर यायला वेळ लागेल.

भट्टीच्या बाजूनं पहिला हात वन्संचा होता. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. वय बासष्ट, शेडमधली सगळ्यात जुनी निवडणारी. प्लास्टिकचा तुकडा कानाशी धरून चुरगाळतात आणि कोणत्या जातीचा ते सांगतात. शेडचा माल त्यांच्या कानावर चालतो. घरी येताना मी विचारलं, वन्सं, तुम्हीसुद्धा? तर म्हणाल्या, ढीग बोलण्यानं हलत नाही, वहिनी.

पण मी हात हलवत परत आलेली नाही. दोन अटी लिहून घेतल्या. पहिली, बाटली भट्टीत कधीच जाणार नाही. बाटली धुऊन, चुरून, वितळवून पुन्हा बाटली होते, त्यावर आमची चूल पेटते. भट्टीची भूक उद्या वाढली तर ती आमच्या ताटात हात घालेल, म्हणून आजच लिहून घेतलं. दुसरी, भट्टीत जाणारा माल आम्हीच निवडणार, आम्हीच बांधणार, आणि आमची बांधणी भट्टीच्या तोंडाशीही कोणी सोडायची नाही, गठ्ठा बांधलेलाच आत जायचा. मधेच कोणी दुसऱ्याचा माल कोंबला आणि आमच्या नावावर खपवला, असं नको.

रविवार, ८ फेब्रुवारी

आज मला एक कल्पना सुचली आणि मी स्वतःवर खूश आहे.

गठ्ठे बांधायला दोरी हवी. साधी दोरी कोणाचीही असू शकते. मग आमच्या गठ्ठ्याची ओळख काय? पलंगाखाली अकरा वर्षांच्या सभांचे फ्लेक्स गुंडाळून ठेवलेत. प्रत्येकावर माझा फोटो आणि एक घणाघाती वाक्य. ते कापून दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या केल्या. चामड्यासारख्या चिवट, ओढून तुटत नाहीत. प्रत्येक गठ्ठ्यावर आमचे शब्द. भट्टीवाल्यांनाही जाता जाता दोन अक्षरं वाचायला मिळतील.

ह्यांनी कात्रीला धार लावून दिली आणि मग स्वतःच कापायला बसले. हे पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. फ्लेक्स आले आणि ते काम गेलं. आता ब्रश रॉकेलच्या डब्यात उभे असतात आणि हे गोदामावर राखण करतात. माझ्या सभांच्या फ्लेक्सवर ह्यांचं एकच म्हणणं असायचं, ‘ळ’ पोटात खचलाय, नाहीतर ‘श’ला पाय नाहीत. पण आज इतक्या आनंदानं कापत होते की मला बरं वाटलं. माझ्या कामात ह्यांना शेवटी गोडी लागली.

वन्सं आल्या, एक पट्टी उचलून कानाशी चुरगाळली आणि म्हणाल्या, हिचा आवाज बसका आहे. मी म्हटलं, वन्सं, आवाज माझा आहे, पट्टीचा नव्हे. हे हसले. वन्सं हसल्या नाहीत. त्यांना विनोद जरा उशिरा कळतात.

बुधवार, ११ फेब्रुवारी

भट्टी आली. आडवी झोपवलेली पाण्याची टाकी असावी तशी दिसते. पोटाखाली बर्नर, डोक्यातून निघालेली नळी, नळी गार पाण्याच्या टबातून फिरून एका डब्यात उतरते. गठ्ठे वर्षाच्या बाळाएवढे, दहा-दहा किलोचे. ते गार भट्टीत रचायचे, झाकण आवळायचं, हवा बाहेर काढायची, मग तापवायचं.

इंजिनियर पन्नाशीचा, डोक्यावर टक्कल, एक चष्मा डोळ्यांवर आणि एक टकलावर. दोन्ही एकाच वेळी हरवल्याचं मी आज दोनदा पाहिलं. बायांनी तासाभरात नाव ठेवलं, दोनचष्मे.

त्यांनी सगळ्यांना गोल बसवून समजावलं. प्लास्टिक म्हणजे मण्यांची लांबच लांब माळ. बाटली आपण धुऊन वितळवतो तेव्हा माळ तशीच राहते, फक्त दर खेपेला थोडी झिजते. पिशव्यांच्या माळा इतक्या मिसळलेल्या आणि मळलेल्या असतात की तसं करता येत नाही. भट्टी माळच तोडते. सुटे मणी तेल होऊन बाहेर येतात, मोठ्या कारखान्यात ते पुन्हा ओवतात.

मी विचारलं, किती मणी घरंगळून जातात?

मला वाटलं, आता गडबडतील. पण त्यांनी सरळ सांगितलं. दहा किलोला साडेसहा किलो तेल. थोडा वायू, तो भट्टीच पिते. उरलेली काळी भुकटी, आणि चंदेरी वेष्टन असेल तर त्याचं अस्तर तिच्यातच सापडतं. शिवाय ते तेल कारखान्यात जमिनीतल्या तेलात मिसळलं जातं, त्यातलं सगळंच पुन्हा प्लास्टिक होत नाही.

“म्हणजे तुमचं वर्तुळ गोल नाही,” मी म्हटलं.

“गोल आहे, बाई. पण त्याला भोक आहे.”

समोरचा खरं बोलायला लागला की भाषण करणाऱ्याची पंचाईत होते. मग मी बाटलीचा विषय काढला आणि टेबलावर मूठ आपटली. ते म्हणाले, बाटली देऊच नका, तिची पांढरी भुकटी जमते आणि नळ्या तुंबतात. आमचं पूर्ण एकमत झालं. तरीही मी पंधरा मिनिटं बोलले, कारण तयारी झाली होती.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

पहिली चाचणी.

तासाभरानं नळीतून पहिला थेंब पडला. उकळून गार झालेल्या चहाच्या रंगाचा. बायांनी टाळ्या वाजवल्या. खरं लिहायचं तर मीही वाजवल्या, पण विरोधक म्हणून सावकाश. दोन वर्षं जो ढीग आमच्या पाठीवर बसला होता तो थेंब थेंब होऊन डब्यात उतरताना पाहणं सोपं नाही.

मग वास आला. नाकात सुई टोचावी तसा. डोळ्यांतून पाणी. दोनचष्म्यांनी निळा कागद धरला तो भडक लाल झाला. भट्टी थांबवली. नळीच्या सांध्यावर हिरवट-तपकिरी चट्टे. आम्ल म्हणे. तेल वाया. त्यांनी फार नम्रपणे विचारलं की मालात रेनकोट, नळाचे पाइप, नकली चामडं असलं काही गेलं होतं का.

आमच्या मालात! मी त्यांना अर्धा तास उत्तर दिलं.

सोमवार, १६ फेब्रुवारी

उरलेले सगळे गठ्ठे उघडले. वन्संनी स्टूल टाकून एकेक तुकडा कानाशी धरला. शंका आली की पाण्याच्या टाकीत. पिशवीचं प्लास्टिक तरंगतं, खोटा माल बुडतो, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. दिवसभरात बुडालं ते काय, तर एक कंगवा आणि कोणाची तरी दाढ. कवळीतली.

माल आरशासारखा स्वच्छ. सोडलेल्या पट्ट्या बादलीत ठेवल्या होत्या, त्यांनीच पुन्हा गठ्ठे आवळून बांधले.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

विचार करून एका निष्कर्षाला आले आहे. आमचा माल स्वच्छ, भट्टीत गेल्यावर घाण. म्हणजे घाण भट्टीतच आहे, किंवा मधल्या रस्त्यात कोणी तरी मिसळतंय. दोन्हींचा बंदोबस्त केला. एक, नवा फ्लेक्स छापून आणला, बारा फूट लांब: ‘आमचा माल निर्मळ, तुमची भट्टी दुर्बळ!’ तो भट्टीसमोर टांगला. दोन, आता प्रत्येक गठ्ठ्याला एकाऐवजी दोन पट्ट्या, आडवी आणि उभी. मुंगीही आत शिरणार नाही.

नव्या फ्लेक्सकडे ह्यांनी बराच वेळ पाहिलं. म्हटलं, कसा आहे? म्हणाले, मोठा आहे.

शनिवार, २१ फेब्रुवारी

दुसरी चाचणी. पहिलीपेक्षा वाईट. सांध्यातून गळायला लागलं, बाया पदर नाकाला लावून रस्त्यापर्यंत पळाल्या. नळी बदलावी लागेल. दोनचष्म्यांनी दोन्ही चष्मे काढून डोळे पुसले आणि म्हणाले, तिसरी बिघडली तर भट्टी उचलायची, असा वरून निरोप आहे.

सतरा दिवस उरले. भट्टी गेली की ढीग राहणार. ढीग राहिला की कुलूप. एकतीस जणींना मी काय सांगू? भाषण सुचत नाही, हे मी पहिल्यांदाच लिहितेय.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

शेडमध्ये कुजबुज सुरू झाली आहे. भट्टी वाईट नाही, माल वाईट आहे. माल वाईट आहे म्हणजे कान वाईट आहेत. वन्संचे कान गेले.

मी हे खोडून काढायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं. बासष्ट वर्षं. परवा मी हाक मारली तर त्यांनी वळून पाहिलं नव्हतं. (मी तेव्हा एक उतारा पाठ म्हणत होते. पण तरी.) म्हणून आज मी त्यांना बाजूला घेतलं आणि माझ्या आयुष्यातलं सर्वांत हळुवार भाषण केलं. अनुभव, विश्रांती, नव्या पिढीला संधी, वडाच्या सावलीची उपमा. शेवटी म्हटलं, तुम्ही बाटल्यांच्या टेबलावर बसा. तिथं नुसता रंग पाहायचा असतो.

वन्सं म्हणाल्या, “बरं, वहिनी.”

त्यांनी इतक्या समजूतदारपणे घेतलं याचं मला कौतुक वाटलं. जाताना आपलं स्टूल तेवढं उचलून नेलं.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

दोन दिवस झाले, हे माझ्याशी बोललेले नाहीत. ब्रश धूत बसतात. घसा बसला असावा.

सोमवार, २ मार्च

आजचं लिहायला हात धजत नाही, पण वहीशी लबाडी करायची नाही असं ठरवून ती उघडली होती.

तिसऱ्या चाचणीसाठी गठ्ठे पुन्हा उघडायला काढले होते. पट्ट्यांची बादली बाटल्यांच्या टेबलाशेजारी. दुपारी वन्संनी मला खुणेनं बोलावलं. माझ्या एका हातात पिशवी दिली, दुसऱ्या हातात पट्टी.

“अगं वहिनी, ही कानाशी धर आणि चुरगाळ.”

मी म्हटलं, वन्सं, ही तर आपलीच पट्टी, मीच ती—

“बोलू नकोस. ऐक.”

चौपन्न वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ऐकलं. पिशवी कानाशी कुरकुरली, वाळक्या पानासारखी. पट्टी कुरकुरली नाही. ओल्या चपलेचा अंगठा वाकवावा तसा एक जाड, मुका आवाज आला. बसका. मग वन्संनी दोन्ही टाकीत टाकल्या. पिशवी तरंगली. पट्टी सरळ तळाला गेली. तिच्यावर माझ्या फोटोतला डावा डोळा होता. तो टाकीच्या तळातून माझ्याकडे बघत राहिला.

वन्संनी दोनचष्म्यांना हाक मारली. त्यांनी तांब्याची तार ज्योतीत लाल केली, पिशवीला टेकवली, पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत पिवळीच. मग तीच तार तापवून पट्टीला टेकवली, आणि ज्योत पोपटासारखी हिरवी झाली. त्यांनी तार पाण्यात विझवली. मग म्हणाले, फ्लेक्स हा रेनकोटाच्या आणि नळाच्या पाइपांच्या घरातलाच. त्यात क्लोरीन असतं. तापलं की त्याचं आम्ल होतं, नळ्या खातं. नुसती तेवढी पट्टीसुद्धा पुरते.

क्लोरीन. आणि त्याची भावंडं. पान दोनशे तेरा.

म्हणजे दर गठ्ठ्याबरोबर माझं एक भाषण भट्टीत गेलं. दुसऱ्या खेपेला दोन दोन.

“मालाची परीक्षा तीनदा झाली,” वन्सं म्हणाल्या. “दोरीची कोणी केली?”

एवढं बोलून त्या स्टुलावर बसल्या आणि बाटल्या निवडायला लागल्या. त्यांनी आणखी दोन टोमणे मारले असते तर मला बरं वाटलं असतं.

घरी येऊन आठ फेब्रुवारीचं पान उलटलं. सगळं मीच लिहून ठेवलंय. बसका आवाज. विनोद उशिरा कळतात.

मंगळवार, ३ मार्च

दोनचष्मे भला माणूस आहे. सकाळी हळूच म्हणाले, पट्ट्या बदला, सुती कापड वापरा, गठ्ठा आत टाकण्याआधी तेही सोडून घ्या. बाकी कोणाला सांगायची गरज नाही. नळी बदललीच आहे, जुन्या नळीत दोष होता म्हणू.

दिवसभर मी या सूचनेच्या बाजूनं मुद्दे काढले. संघटनेचं मनोबल. नेतृत्वावरचा विश्वास. ऐन लढ्यात फूट पडू नये. चूक कोणाची यापेक्षा उपाय काय हे महत्त्वाचं. असे सात मुद्दे झाले आणि सातही बिनतोड होते. इतकी सुंदर बाजू मी माझ्या विरोधकांविरुद्धही कधी मांडली नव्हती.

मग संध्याकाळी वन्सं बाटल्यांच्या टेबलावरून उठल्या, हात धुतले आणि कोणाशी न बोलता निघाल्या. जाताना एका बाईनं त्यांच्या कानाशी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, आजी, सावकाश जा. वन्संना शेडमध्ये आजी आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

सात मुद्दे खोडले.

बुधवार, ४ मार्च

सभा बोलावली. माझं आजवरचं सर्वांत छोटं भाषण. वेळ मोजली नाही, पण पाण्याचा पेला उचलायच्या आत संपलं. जसंच्या तसं लिहून ठेवते:

“भट्टी बिघडवली ती माझ्या पट्ट्यांनी. तुमचा माल स्वच्छ होता. वन्संचे कान शाबूत आहेत, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. उद्या येताना प्रत्येकीनं घरातलं जुनं सुती कापड आणायचं.”

खाली शांतता. ‘नाक दाबून’वर जी मिळणार होती, ती इथं मिळाली. मग मागून कोणी तरी म्हणालं, “म्हणजे भाषण भट्टीलासुद्धा पचलं नाही.”

एकतीस जणी हसल्या. म्हणजे तीस. मग मीही.

हसणं ओसरलं तेव्हा पाहिलं तर बाटल्यांच्या टेबलाशी स्टूल नव्हतं. वन्संनी ते स्वतःच उचलून आपल्या जुन्या जागी नेलं होतं आणि पहिली पिशवी कानाला लावली होती. मी जवळ गेले. काही तरी भव्य बोलायचं मनात होतं. वन्संनी एक बोट वर केलं. गप्प बसले.

गुरुवार, ५ मार्च

सुती चिंध्यांचा ढीग जमला. चादरी, उशीचे अभ्रे, कोणाच्या तरी बाळाची दुपटी. गठ्ठे इतके देखणे दिसतात की भट्टीत टाकायला जीव होत नाही. शिवाय आता भट्टीच्या तोंडाशी गाठ सोडून कापड परत घ्यायचं. अट क्रमांक दोन मी स्वतः खोडली, खोडलं तिथं सही केली.

बारा फुटी फ्लेक्स उतरवला. पण शनिवारी तिसरी चाचणी, नगरपालिकेची माणसं येतील, काही तरी फलक हवाच. आता फ्लेक्स छापायचा नाही, मग करायचं काय? ह्यांना विचारलं, अहो, कापडावर दोन ओळी काढून द्याल?

हे उठले आणि कपाटामागून एक गुंडाळी काढली. पांढरं कापड, खळ लावून ताणलेलं, कडा शिवलेल्या, पेन्सिलीनं ओळीही आखलेल्या.

“हे कधीपासून तयार आहे?”

“अकरा वर्षं.”

ह्यांना काळाचं भान कधीच नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी तर मी पहिला फ्लेक्स छापला होता. कापड तर अगदी कोरं वाटत होतं. असो. ह्यांनी ब्रश काढले, पुसले, आणि इतकं मन लावून ‘ळ’ काढला की मी शेजारी बसून पाहत राहिले. बोलले नाही. हल्ली मला ते जमायला लागलंय. घसाही सुटला ह्यांचा. पहिल्या ओळीलाच गुणगुणत होते.

शनिवार, ७ मार्च

तिसरी.

गठ्ठे सोडले, चिंध्या काढल्या, झाकण आवळलं. नगरपालिकेचा माणूस हातात वही घेऊन उभा. सगळ्या बाया नाकावर पदर घेऊन तयार. तासानं थेंब पडला. मग धार. वास आला तो फक्त रॉकेलसारखा, गोडसर. दोनचष्म्यांनी निळा कागद काढला आणि माझ्याकडे न देता वन्संकडे दिला. वन्संनी तो नळीपाशी धरला. मी शंभरपर्यंत आकडे मोजले. मग पुन्हा शंभर.

निळाच राहिला.

दोनचष्म्यांनी टकलावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. डोळ्यांवर आधीच एक होता. तसेच, दोन्ही लावून, ते कागदाकडे बघत राहिले. वन्संनी कागद घडी करून कनवटीला लावला. माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, आता बोल.”

मी चिंध्यांच्या घड्या घालायला लागले.

मंगळवार, १० मार्च

कुलूप लागलं नाही. नगरपालिकेच्या माणसानं टेप लावून ढीग मोजला. तीन चाचण्यांत तो वीतभरही उतरलेला नाही, हेही मी इथं लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसेल. पण भट्टी राहणार, तसं पत्र आलंय. दर आठवड्याला ढीग मोजायचा, जूनपर्यंत मुदत.

बाटलीची अट भट्टीवर ह्यांच्या हातानं रंगवून घेतली आहे, लाल अक्षरांत. ‘ळ’ आहे की नाही म्हणून हे आधी वाचत होते. ‘बाटली इथे नाही.’ एकही ‘ळ’ नव्हता, थोडे खट्टू झाले.

नदीपलीकडच्या शेडनं बोलावलं आहे. तिथंही भट्टी येणार. त्यांना माझं भाषण हवंय. मी वन्संना विचारलं, जाऊ का? म्हणाल्या, जा, पण सुरुवातीला नको, शेवटाला जोर दे. म्हणून शेवट आधी ठरवला आणि मग हे लिहून ठेवलं:

“दिवसभर कंबर मोडून दुसऱ्यांचा कचरा निवडणाऱ्या माझ्या बायांनो, तुमच्या पाठीमागेही एक ढीग आहे आणि तो कोणाचा असं तुम्हालाही विचारतात. भट्टी आली आहे तर येऊ द्या, पण ती ढिगासाठी, बाटलीसाठी नाही. बाटली तिनं मागितली तरी देऊ नका. कोणी वर्तुळ अगदी गोल आहे म्हणालं तर भोक केवढं ते विचारा. सात थर चिकटवून वेष्टन बनवणाऱ्यांना विचारा की हे उलगडणार कोण. हे सगळं आपण भांडून घेऊ, मी आहेच. पण त्याआधी एक काम. उद्या सकाळी पहिला गठ्ठा बांधायला घ्याल तेव्हा मालाआधी हातातली दोरी कानाशी धरा. चुरगाळा. आणि त्या वेळी शेडमध्ये कोणी कितीही सुंदर बोलत असलं, तरी तिला आधी गप्प करा आणि ऐका.”